इटलीला फिरायला गेल्यावर छोट्या ग्रुपचा कुकिंग क्लास करावा का? सासूबाई अंडं खात नाहीत

तुम्ही लिहिलंय की ऑक्टोबरमध्ये रोम, फ्लोरेन्स, व्हेनिस असा प्लॅन आहे, तुम्ही दोघं आणि सासूबाई, आणि क्लास करावासा तर वाटतोय पण माणशी ऐंशी-नव्वद युरो म्हटल्यावर हात आखडतोय. माझं म्हणणं, करा. फक्त कुठला करायचा ते नीट बघून ठरवा, कारण क्लासच्या नावाखाली तिकडे दोन अगदी वेगळ्या गोष्टी विकल्या जातात.

पहिली म्हणजे 'तीन तासांत पास्ता, तिरामिसू (कॉफी आणि क्रीम चीजचं गोड) आणि हवी तेवढी वाइन'. मोठ्या शहरांत दर गल्लीत हेच. माझ्या नणंदेने असा एक केला होता, वीसेक जण एका लांब टेबलाभोवती, पीठ आधीच मळून प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेलं, प्रत्येकाने मशीनमधून एकेकदा पट्टी काढायची, फोटो काढायचा, आणि सॉस आतल्या किचनमधून तयार होऊन यायचा. तिला मजा आली म्हणे, वाइन चांगली होती म्हणे, पण घरी येऊन एकदाही पास्ता केला नाही कारण शिकवलंच काही नव्हतं. संध्याकाळ छान घालवायची असेल तर तेही वाईट नाही, पण मग त्याच पैशात एखाद्या चांगल्या ट्रॅटोरियात, म्हणजे साध्या घरगुती रेस्टॉरंटमध्ये, जेवा की!

दुसरी गोष्ट म्हणजे सहा-आठ जण, प्रत्येकाला स्वतःचा पाट, आणि एकच पीठ सुरुवातीपासून शेवटपर्यंत. छोटा ग्रुप हवा तो गप्पांसाठी नाही. पीठ बरोबर झालंय का हे बघून कळत नाही, शिकवणाऱ्या बाईला प्रत्येकाच्या गोळ्यात बोट दाबून बघावं लागतं, 'अजून मळ' म्हणावं लागतं, कुणाचं कोरडं कुणाचं चिकट ते सांभाळावं लागतं. आठाच्या वर माणसं गेली की हे होत नाही, मग पीठ आधी मळून ठेवणं आलंच.

आता जागा. पास्ता म्हणून एकच काहीतरी आहे असं आपल्याला इथे बसून वाटतं, पण तिकडे उत्तरेला एमिलिया-रोमान्यात मऊ गव्हाचं बारीक पीठ आणि अंडी, आणि दक्षिणेला पुल्यामध्ये ड्युरम गव्हाचा रवा आणि नुसतं पाणी. पुल्यातल्या बारी शहरात तर जुन्या गावातल्या एका गल्लीत बायका दारातच टेबलं टाकून ओरेक्येत्ते, म्हणजे कानाच्या आकाराचा छोटा पास्ता, वळत बसतात, बिनअंड्याचे. तुमच्या रूटवर बारी नाही, त्यामुळे ते सोडून द्या. पण एमिलिया-रोमान्याचं मुख्य शहर बोलोन्या आहे! फ्लोरेन्सहून व्हेनिसला जाणारी फास्ट ट्रेन बोलोन्यावरूनच जाते, फ्लोरेन्सपासून जेमतेम ३५-४० मिनिटं, पुढे व्हेनिस दीडेक तास. सकाळी निघायचं, बॅगा बोलोन्या स्टेशनवर लगेज डिपॉझिटला टाकायच्या, सकाळचा क्लास करून तिथेच आपण केलेलं जेवायचं आणि संध्याकाळच्या गाडीने व्हेनिस. हॉटेल बदलायचा दिवस नाहीतरी फुकटच जातो.

मी बोलोन्यात केला. हाताने पास्ता लाटणाऱ्या बायकांना तिथे स्फोल्यीना म्हणतात आणि शहरात त्यांचा मान आहे, दुकानांच्या काचेतून त्या काम करताना दिसतात. आमची शिकवणारी बाई साठीच्या पुढची, इंग्रजी मोडकं, पण हातांनी सगळं सांगायची. १०० ग्रॅम पिठाला १ अंडं, एवढाच हिशोब. लाकडी पाटावर पिठाचं आळं करायचं, त्यात अंडी फोडायची, काट्याने कडेकडेचं पीठ आत घेत जायचं, मीठ नाही तेल नाही काही नाही. मग तळहाताच्या मागच्या भागाने ढकलत दहा-पंधरा मिनिटं मळायचं, सुरुवातीला हे कधी एकत्रच येणार नाही असं वाटतं इतकं घट्ट असतं, आणि त्यानंतर झाकून अर्धा तास ठेवायचं. ठेवायचं म्हणजे ठेवायचंच, त्याशिवाय लाटताना ते मागे आकसतं.

लाटणं हा खरा क्लास आहे. आपण रोज पोळ्या लाटतो म्हणून आपल्याला सोपं जाईल असं वाटतं ना, तर उलट पोळीचा हात आड येतो. आपण लाटणं दाबून पोळी गोल फिरवतो. तिथलं लाटणं, मात्तारेल्लो, हातभरापेक्षा लांब, बारीक, दोन्ही बाजूंना मूठ नाही, आणि त्यावर कणकेची पुढची कड गुंडाळून घ्यायची, हात मधून बाहेरच्या बाजूला सरकवत खेचत न्यायचं, उलगडायचं, थोडं फिरवायचं, परत गुंडाळायचं. म्हणजे दाबायचं कमी आणि ताणायचं जास्त. शेवटी टेबलाएवढी चादर तयार होते. ती इतकी पातळ हवी की तिच्यातून सान लूका दिसलं पाहिजे, असं त्या बायका म्हणतात. सान लूका म्हणजे शहराबाहेरच्या टेकडीवरचं देऊळ... म्हणजे चर्च. माझ्या चादरीतून पाटाच्या रेघा दिसल्या, तेवढ्यावर बाईने मान हलवली. आणि पाट लाकडीच का? तर लाकडामुळे पृष्ठभाग जरा खरखरीत राहतो आणि सॉस धरून ठेवतो, स्टीलच्या मशीनमधून गुळगुळीत पट्टी येते त्यावरून सॉस घसरतो. हे मला तिथे खाताना जाणवलं, वाचून पटलं नव्हतं.

चादर थोडी सुकली की घडी घालून सुरीने कापायची, झाल्या तालियातेल्ले. रुंदीचंही त्यांचं ठरलेलं आहे बरं का, शिजल्यावर ८ मिलिमीटर. १९७२ मध्ये हे माप रीतसर बोलोन्याच्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये नोंदवलं, आणि सोन्याची एक तालियातेल्ला तिथे ठेवलीय. शहरातला आझिनेल्ली मनोरा ९७ मीटर उंच आहे, त्याच्या उंचीचा १२,२७० वा भाग म्हणजे ही रुंदी. वेडे लोक आहेत, पण मला हे वेड आवडलं.

तिथला सॉस म्हणजे रागू, आणि तो मटणाचा, म्हणजे आपल्या अर्थाने मटण नाही, बीफ आणि पांचेत्ता, म्हणजे डुकराच्या पोटाचं खारवलेलं मांस. आत कांदा गाजर सेलरी, वाइन, टोमॅटो थोडासाच, दूध, लसूण अजिबात नाही. १९८२ मध्ये त्याचीही रेसिपी अशीच नोंदवली. तुम्ही दोघं बीफ-पोर्क खात नसाल तर बुकिंग करतानाच लोणी आणि सेज (एक सुगंधी पाला) मागा, किंवा साधा टोमॅटो, चालतं त्यांना. टॉर्टेलिनी या भरलेल्या पास्त्याच्या सारणात पोर्कची कंबर, प्रोशुत्तो आणि मोर्तादेल्ला (हेही डुकराच्या मांसाचेच प्रकार) असतो, त्यापेक्षा थोडे मोठे टॉर्टेलोनी असतात त्यात रिकोटा चीज, ते मागा. बाकी 'स्पॅगेटी बोलोनेझ' तिथे कुणाला विचारू नका, रागू तिथे तालियातेल्लेवर घालतात, स्पॅगेटीवर नाही, मेन्यूवर असेल तर ते रेस्टॉरंट सोडा.

आता सासूबाईंचा प्रश्न, आणि खरं सांगायचं तर तुमच्या केसमध्ये हाच मुख्य आहे. बोलोन्यात शिकवणाऱ्या बायका त्यांच्यासाठी वेगळं पीठ करून देतील, पण सगळ्यांच्या पाटावर अंडी फुटताना त्यांना बसवणं मला बरोबर वाटत नाही. माझी आई बरोबर होती, तीही अंडं खात नाही, म्हणून आम्ही टस्कनीत, म्हणजे फ्लोरेन्सच्याच प्रांतात, सिएनाजवळ शेतावरच्या एका घरात पिची शिकायला गेलो. पिची म्हणजे तिकडचा जाडा हाताने वळलेला पास्ता, पीठ, पाणी, चिमूटभर मीठ आणि चमचाभर ऑलिव्ह तेल. काही घरांत एखादं अंडं टाकतात म्हणून आधी विचारायलाच लागतं. पीठ जाडसर लाटायचं, पट्ट्या कापायच्या आणि एकेक पट्टी पाटावर तळहाताने वळत लांब लांब करत न्यायची, देवाच्या वाती वळतात तशी. आईने दुसऱ्या पट्टीलाच एकसारखी जाडी आणली. बाकीचे सगळे, त्यात एक कॅनडाचं जोडपं, तिच्याभोवती गोळा, शिकवणारी बाई इटालियनमध्ये आणि आई मराठीत, तासभर दोघींचं व्यवस्थित चाललं होतं! मी मधे पडले नाही.

पिचीवर दोन सॉस होतात ते दोन्ही तुमच्या कामाचे. एक आल्योने, म्हणजे टस्कनीतल्याच वाल दि क्याना खोऱ्याकडच्या मोठ्या पाकळ्यांच्या सौम्य लसणाचा टोमॅटो सॉस, आणि दुसरा नुसता शिळ्या ब्रेडचा चुरा तेलात खरपूस परतून. दुसरा कागदावर काहीच वाटत नाही पण आईने तोच परत घेतला. फ्लोरेन्समध्येही पिचीचे क्लास मिळतात, बाहेर जायचं नसेल तर. तिघांनी मिळून एकच करायचा तर मी पिचीचा करेन, बोलोन्या तुम्हाला स्वतःला फारच शिकायचं असेल तर. सासूबाई आणि मिस्टर तोवर बोलोन्याच्या कमानींखालून फिरतील, मैलोनमैल आहेत, पाऊस असला तरी भिजत नाही.

चीजचं एक सांगून ठेवते कारण हे तिकडे कुणी आपणहून सांगत नाही. पार्मिजानो रेज्यानो वासराच्या पोटातल्या रेनेटने (दूध जमवायचं द्रव्य) जमवतात, नियमातच तसं आहे. ग्राना पादानोचंही प्राण्याचंच. पेकोरिनो रोमानो कोकराच्या. म्हणजे रोमचा काचियो ए पेपे, पेकोरिनो आणि मिरीचा पास्ता, दिसायला शुद्ध शाकाहारी, पण सासूबाई या बाबतीत कडक असतील तर नाही चालणार. आईला मी आधीच सांगितलं, ती म्हणाली मला नको, आणि तिने वरून काहीही न किसता खाल्लं. मेलमध्ये 'सेन्झा उओवा' म्हणजे अंडं नको आणि 'काल्यो वेजेताले' म्हणजे वनस्पती रेनेटचं चीज असं लिहिलं तर समजतं त्यांना. आणि तिरामिसूत कच्ची अंडी असतात, बऱ्याचदा दारूही, त्यामुळे 'डेझर्ट इन्क्लुडेड' वाचून खूश होऊ नका, त्याऐवजी फळं किंवा पान्ना कोत्ता विचारा (हे क्रीमचं पुडिंग, पण त्यात जिलेटिन असतं, तेही कडक शाकाहाराला नाही. म्हणजे फळंच).

पिझ्झाचा क्लास मुलांसाठी मस्त, पण शिकायचं म्हणून मी पैसे घालणार नाही. नेपल्सची भट्टी साडेचारशे डिग्रीच्या आसपास असते, पिझ्झा दीड मिनिटाच्या आत बाहेर येतो, आणि आपला घरचा ओव्हन अडीचशेला दमतो. हातात कला आली तरी घरी तो पिझ्झा होत नाही. पास्त्याला पाट, लाटणं आणि मोठं पातेलं एवढंच लागतं.

घरी आल्यावर हा पास्ता आपल्याकडे होतो का, असंही विचारलंय म्हणून सांगते. होतं, पण जशीच्या तशी रेसिपी चालत नाही. आपली अंडी लहान असतात, १०० ग्रॅमला १ धरलं तर पीठ कोरडं राहतं, मी ८५-९० ग्रॅम घेते आणि हाताला बघून पुढे वाढवते. बलकाचा तो केशरी-पिवळा रंग येत नाही, नाही येत तर नाही. मैदा चालतो पण नुसत्या मैद्याचं मऊ पडतं, म्हणून मी पाव हिस्सा बन्सी रवा अगदी बारीक करून घालते, बन्सी ड्युरमच आहे. पिचीला तर निम्मा बन्सी घातला तरी छान लागतो. मुंबई-ठाण्यात पावसाळ्यात पीठ हवेतलंच पाणी धरून बसतं, तेव्हा पाणी थेंबाथेंबाने. शिजवताना १०० ग्रॅम पास्त्याला लिटरभर पाणी, त्यात १० ग्रॅम मीठ, ताज्या तालियातेल्ले दोन-तीन मिनिटांत होतात, पिची जाड म्हणून जास्त वेळ घेतात. आणि शिजवलेलं पाणी ओतून टाकू नका, वाटीभर सॉसमध्ये घाला, त्यातल्या स्टार्चने सॉस धरतो.

बुक करायच्या आधी एक मेल टाका आणि एवढं विचारा: जास्तीत जास्त किती जण, पीठ आम्ही स्वतः मळणार का, प्रत्येकाला वेगळा पाट का, लाटण्याने की मशीनने. ज्यांच्याकडून 'ग्रुपवर अवलंबून आहे' असं उत्तर येईल ते सोडा. घरी शिकवणाऱ्या बायकांसाठी चेझारिने म्हणून एक नेटवर्क आहे, बोलोन्यातच सुरू झालेलं, आता सगळीकडे आहेत, तिथेही बघा, पण तिथेसुद्धा हेच प्रश्न विचारा कारण प्रत्येक घर वेगळं. शक्यतो सकाळचा घ्या, संध्याकाळच्या क्लासचं जेवण होईपर्यंत दहा वाजतात आणि सासूबाई तोवर उपाशी बसतील. मेलमध्ये त्यांचं वयही लिहा, उभं राहून तास-दीड तास काम करायचं असतं, खुर्ची आणि कमी उंचीचं टेबल आधी सांगितलं तर मिळतं, आम्हाला मिळालं होतं.