वाचकांचे प्रश्न : परदेशातल्या शाळेची ऑफर आली, आता?

परदेशातल्या आंतरराष्ट्रीय शाळांमधल्या शिक्षकी नोकऱ्यांविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा इथे घेतली आहेत. बहुतेकांचा ओढा दुबईकडे असल्याने नियमही मुख्यतः तिथलेच दिले आहेत.

प्रश्न : मी कोथरूडच्या एका सीबीएसई शाळेत नऊ वर्षं गणित शिकवते. दुबईतल्या ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या एका शाळेने दोन वर्षांची ऑफर दिली आहे. महिना 12,000 दिरहम : बेसिक 5,000, घरभाडं 4,500, इतर भत्ते 2,500. शिवाय वर्षाला एक विमान तिकीट आणि आरोग्य विमा. सही करू का?

लगेच नको. आधी बेसिकची ओळ पुन्हा वाचा. यूएईत नोकरी संपताना मिळणारी ग्रॅच्युइटी शेवटच्या बेसिकवर मोजतात, एकूण पगारावर नाही. पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला 21 दिवसांचं बेसिक, त्यापुढच्या प्रत्येक वर्षाला 30 दिवसांचं. वर्ष पुरं होण्याआधी नोकरी सोडली तर काहीच नाही. तुमचा हिशोब : 5,000 भागिले 30 गुणिले 21, म्हणजे वर्षाला 3,500 आणि दोन वर्षांचे 7,000 दिरहम. एकूण 12,000 तेवढेच ठेवून बेसिक 8,000 असतं, तर हेच 11,200 झाले असते. बेसिक लहान आणि भत्ते फुगवलेले ठेवण्यात शाळेचा फायदा तो हाच. पुढची टक्केवारीतली पगारवाढही फक्त बेसिकवर देतात का, तेही विचारून ठेवा.

बेसिक वाढवून मागितलंत तर 'आमचं स्केल ठरलेलं आहे' असं उत्तर येण्याची शक्यता जास्त. तेव्हा प्रश्न बदला : नऊ वर्षांपैकी किती वर्षांचा अनुभव धरला आणि त्या स्केलवर मला कितव्या पायरीला बसवलं? भारतातला अनुभव अर्धाच धरणाऱ्या शाळा आहेत आणि घासाघीस करायला खरी जागा इथेच असते. सेवा प्रमाणपत्रात इयत्ता, विषय आणि तारखा स्पष्ट असतील तर एखादी पायरी वर सरकता येतं.

आता घर. 4,500 च्या हिशोबाने वर्षाचे 54,000 होतात. पण भत्ता दरमहा येतो आणि दुबईतला घरमालक वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार पुढच्या तारखांच्या चेकनी मागतो. समजा घर वर्षाला 60,000 चं आहे आणि मालक चार चेकना तयार आहे. पहिला चेक 15,000, डिपॉझिट पाच टक्क्यांनी 3,000, दलाली साधारण तेवढीच, वीज-पाण्याचं डिपॉझिट फ्लॅटला 2,000, वर भाडेकरार नोंदणीचे, म्हणजे इजारीचे, किरकोळ पैसे. म्हणजे किल्ली हातात यायच्या आधी सुमारे 23,000 दिरहम लागले. चेकबुकसाठी बँक खातं, खात्यासाठी एमिरेट्स आयडी, आयडीसाठी वैद्यकीय तपासणी असा क्रम असतो, तोवर पहिला पगारही झालेला नसतो. म्हणून शाळेला तीन गोष्टी लेखी विचारा : सुरुवातीचे किती आठवडे राहण्याची सोय करता, सेटलिंग अलाउन्स किती, आणि घरभाडं आगाऊ देऊन पगारातून वळतं करता का? शाळेचाच फ्लॅट मिळत असेल तर पहिल्या वर्षी तो घ्यावा, थोडा लांब असला तरी.

विमा तुमचा असतोच, कायद्याने शाळेला द्यावाच लागतो. मुलाला-नवऱ्याला सोबत नेणार असाल तर त्यांचा मात्र ज्याच्या व्हिसावर ते आहेत त्याने काढायचा, म्हणजे तुम्ही. शाळा तो भरते का ते विचारा. तिकीट प्रत्यक्ष देतात की ठरावीक रोख रक्कम? जुलै-ऑगस्टचा पगार सुट्टीतही मिळतो का? वर्षअखेरीस सोडताना त्याचं काय? प्रोबेशन सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्या काळात देश सोडून परत यायचं तर 14 दिवसांची नोटीस, तिथेच दुसऱ्या शाळेत जायचं तर महिनाभराची. शिवाय दुसऱ्या बाबतीत भरतीचा खर्च जुनी शाळा नव्या शाळेकडून मागू शकते.

शाळेचं स्वतःचं गोड ऑफर लेटर वेगळं आणि तिथल्या कामगार मंत्रालयाच्या नमुन्यातलं वेगळं. दोन्हींतले आकडे जुळतात का ते ओळ न् ओळ पाहा. आणि केएचडीए या दुबईच्या शिक्षण नियामकाचे शाळा तपासणी अहवाल इंटरनेटवर खुले आहेत. 'उत्कृष्ट' ते 'अतिकमकुवत' असे शेरे असतात. नुसता शेरा न पाहता शिक्षक किती टिकतात याविषयी काही लिहिलंय का ते शोधा.

प्रश्न : माझी बीएस्सी आणि बीएडची प्रमाणपत्रं माहेरच्या नावाने आहेत, पासपोर्ट सासरच्या नावाने. दहावीचं प्रमाणपत्र वडिलांनी हौसेने लॅमिनेट केलं. शाळा अटेस्टेशन मागते आहे. सुरुवात कुठून? (सिंहगड रस्ता)

लॅमिनेशनपासून. साक्षांकनाचे, म्हणजे अटेस्टेशनचे, शिक्के आणि स्टिकर मूळ प्रमाणपत्राच्या मागच्या बाजूला पडतात, प्लॅस्टिकवर ते चालत नाही. गरम करून सोलण्याचा घरगुती प्रयोग करू नका, शाई प्लॅस्टिकसोबत निघून येते. मंडळाकडून दुय्यम प्रत काढणं सोपं. शाळेला बहुधा दहावीचं लागतही नाही. पदवी आणि बीएडचं लागतं. ते मात्र पदवी प्रमाणपत्रच हवं. पासिंग सर्टिफिकेट किंवा नुसत्या गुणपत्रिकेवर गाडी पुढे सरकत नाही. पदवीदान समारंभाचा फॉर्म तेव्हा भरलाच नसेल, तर आधी विद्यापीठातून प्रमाणपत्र काढा.

नावाचा घोळ महाराष्ट्रात दुहेरी. एक लग्नाचा. दुसरा असा की गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव, क्वचित आईचंही. पासपोर्टवर मात्र आडनावाचा आणि दिलेल्या नावाचा रकाना वेगळा. परदेशी कारकुनाला ही दोन माणसं वाटतात. त्यामुळे विवाह नोंदणी प्रमाणपत्रही पदवीसोबतच साक्षांकित करून घ्या. नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर तेही जोडा. पासपोर्टमधलं नाव आणि विवाह प्रमाणपत्रातलं नाव अक्षरशः जुळलं पाहिजे. इंग्रजी स्पेलिंगमधला एक जादा 'ए' पुरतो काम अडवायला.

मग क्रम असा : सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची पडताळणी, मुंबईत राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाचं साक्षांकन, ज्याला सगळे एचआरडी म्हणतात, त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र खातं. यूएई, कतार आणि कुवेत अपोस्टिल करारात, म्हणजे एकाच शिक्क्यावर एकमेकांचे कागद मान्य करणाऱ्या देशांच्या करारात, नाहीत, म्हणून वकिलातीची पायरी टळत नाही. ओमान, बहारीन आणि सौदी करारात आहेत. तिथे परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल स्टिकर पुरतो. त्याची सरकारी फी कागदामागे 50 रुपये. बाकी जे मागतात तो सेवाशुल्काचा भाग. एजंट 'एचआरडी कशाला, एसडीएमने (उपविभागीय दंडाधिकाऱ्याकडून) दोन दिवसांत करतो' म्हणाला, तर आधी शाळेकडून लेखी विचारून घ्या. तो मार्ग काही ठिकाणी चालतो, काही ठिकाणी पूर्ण फेरी पुन्हा करावी लागते.

बीएड पत्राद्वारे केलं असेल तर तेही आत्ताच सांगा. शिक्षण नियमित होतं की दूरस्थ, याचं विद्यापीठाचं पत्र मागतात आणि दूरस्थ पदवीवर काही नियामक अडून बसतात. पोलीस क्लिअरन्स मात्र अगदी शेवटी काढा. पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर अर्ज, 500 रुपये फी, मुंढव्याच्या केंद्रात भेट. फार लवकर काढलं तर व्हिसाच्या वेळी ते जुनं ठरतं.

प्रश्न : जुन्नर तालुक्यात मराठी माध्यमाच्या शाळेत सहा वर्षं विज्ञान शिकवतोय. एमएस्सी भौतिकशास्त्र, बीएड. मला अशी नोकरी मिळेल का? पुण्यातला एक क्लास 'पीजीसीई करा, मग थेट इंग्लंड' म्हणतो.

भौतिकशास्त्र आणि गणिताला मागणी आहे, हा तुमचा हुकमाचा पत्ता. मराठी माध्यम हा दोष नाही, पण इंग्रजीतून 40 मिनिटं शिकवतानाचा व्हिडिओ किंवा ऑनलाइन डेमो पाठ द्यावाच लागेल. तिथे पाठांतर लगेच उघडं पडतं. मुलांनी मध्येच शंका विचारली की भाषा कळते. आयईएलटीएस ही इंग्रजीची परीक्षा देऊन ठेवा.

सरळ उडी अवघड आहे. आधी पुणे परिसरातल्या आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) किंवा केंब्रिज या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमांच्या शाळेत दोन वर्षं काढा. पौडजवळच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजसारख्या ठिकाणी आयबी डिप्लोमा शिकवतात, शहरातही अशा शाळा आहेत. बाहेरच्या शाळा उमेदवार चाळताना 'हा अभ्यासक्रम शिकवला आहे का' हाच रकाना आधी बघतात. दोन वर्षांची ती नोकरी कोणत्याही महागड्या सर्टिफिकेटपेक्षा कामाला येते. आखातातल्या सीबीएसई शाळा तुम्हाला लवकर घेतील, पण तिथला पगार ब्रिटिश वा आयबी शाळांच्या मानाने बराच खाली असतो. पाटीवर 'इंटरनॅशनल' दोन्हीकडे असतं.

क्लासचं म्हणणं अर्धवट आहे. पीजीसीई हा इंग्लंडचा शिक्षक प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम; परदेशात बसून करायची पीजीसीई-आय ही नुसती शैक्षणिक अर्हता आहे, तिने इंग्लंडचा पात्र शिक्षक दर्जा, म्हणजे क्यूटीएस, मिळत नाही. उलट फेब्रुवारी 2023 पासून भारतातले पात्र शिक्षक क्यूटीएससाठी इंग्लंडच्या शिक्षण खात्याकडे थेट अर्ज करू शकतात, 11 ते 16 वयोगटाला गणित, विज्ञान किंवा भाषा शिकवण्याची पात्रता असेल तर. अर्जाला फी नाही. म्हणजे तुमच्यासारख्याने क्लासला लाख रुपये देण्याआधी हा अर्ज भरावा. क्यूटीएस म्हणजे व्हिसा नव्हे, नोकरी वेगळी शोधावी लागते. पण आखातातल्या ब्रिटिश शाळांतही त्याला वजन आहे. चीनमध्ये इंग्रजी भाषा शिकवायला ती मातृभाषा असलेल्या देशांचेच नागरिक लागतात. भौतिकशास्त्राला ती अट नाही; पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव बघतात.

वेळापत्रक : ऑगस्टला सुरू होणाऱ्या शाळांची भरती आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून चालू होते, जानेवारी ते मार्च जोरात असते, मे-जूनमध्ये उरलेल्या जागा निघतात. यूएईतल्या भारतीय शाळांचं वर्ष एप्रिलला सुरू होतं. संदर्भ देणाऱ्यांत सध्याचे मुख्याध्यापक हवेतच आणि त्यांचा ईमेल शाळेच्या नावाचा हवा. जीमेलवरून आलेला संदर्भ बालसुरक्षेच्या तपासणीत बाद करतात. बायोडेटात सहा महिन्यांची रिकामी जागा असेल तर कारण आधीच लिहा.

प्रश्न : जंगली महाराज रस्त्यावरच्या एका कन्सल्टन्सीने कतारच्या शाळेसाठी पावणेदोन लाख मागितले. आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग वर्क व्हिसा करू म्हणतात.

पैसे देऊ नका. परदेशात नोकरी लावणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला लागतो, त्याची यादी ई-मायग्रेट संकेतस्थळावर आहे. नोंदणीकृत एजंटलाही उमेदवाराकडून जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 35,400 इतकेच घेता येतात, तेही पावती देऊन. चांगल्या शाळा भरतीचा खर्च स्वतः करतात. व्हिजिट व्हिसावर शिकवणं बेकायदा. पकडलं गेलं तर दंड आणि हद्दपारी तुमची, कन्सल्टन्सीची नाही. शाळेच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचा एचआरचा पत्ता काढून ऑफर खरी आहे का ते थेट विचारा.

प्रश्न : मुलगी आठवीत आहे. शाळा तिची फी माफ करणार. तिला बारावीनंतर मेडिकलला जायचं आहे. नेणं योग्य आहे का?

'फी माफ'मध्ये काय येत नाही ते आधी विचारा. बस, गणवेश, पुस्तकं आणि बोर्डाच्या परीक्षेची फी बहुधा पालकांकडे असते. एकच जागा मोफत आणि दुसऱ्या मुलाला निम्मी सवलत, असाही प्रकार असतो. फक्त आई तिच्या व्हिसावर मुलीला नेत असेल तर वडिलांचं नोटराइज्ड आणि साक्षांकित ना हरकत पत्र लागतं.

मेडिकलचं गणित वेगळं आहे. महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातल्या वैद्यकीय जागांसाठी अधिवास प्रमाणपत्रासोबत दहावी आणि बारावी दोन्ही राज्यातल्या शाळेतून झालेल्या लागतात. दुबईत दहावी केली की ते दार जवळपास बंद; मग अखिल भारतीय 15 टक्के कोटा, एनआरआय कोटा किंवा अभिमत विद्यापीठं उरतात, आणि शेवटच्या दोन्हींची फी लाखांत. फीमाफीतून वाचलेले पैसे तिथेच जातात. मुलीचा निर्णय पक्का असेल तर नववीपासून तिला पुण्यात आजी-आजोबांकडे ठेवणं हाच व्यवहार. इंजिनिअरिंगला असं घट्ट बंधन नाही, पालकांच्या अधिवासावरही वाट निघते.

प्रश्न : अनुदानित शाळेतली कायम नोकरी सोडून ऑगस्टमध्ये जाणार. राजीनामा आणि इन्कम टॅक्सचं काय करायचं?

खासगी शाळा कर्मचाऱ्यांच्या 1981 च्या नियमांप्रमाणे कायम शिक्षकाला तीन कॅलेंडर महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ऑगस्टला निघायचं तर पत्र 30 एप्रिलच्या आत संस्थेच्या हाती हवं. राजीनाम्याच्या दोन प्रती करा, दोन्हींवर सही आणि तारीख, एक पोस्टाने पाठवा, दुसरी आणि पावती जपा. तोंडी 'सांगून ठेवलंय' याला काही अर्थ नाही. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभव प्रमाणपत्र निघण्याआधीच घ्या, दुबईतून मागे लागून ते मिळायला वर्ष जातं.

टॅक्स : नोकरीसाठी देश सोडणाऱ्याच्या बाबतीत त्या आर्थिक वर्षात भारतातला मुक्काम 182 दिवसांपेक्षा कमी असेल तर तो अनिवासी ठरतो आणि तिथला पगार इथे करपात्र होत नाही. 1 एप्रिलपासून 20 ऑगस्टपर्यंत 142 दिवस होतात, म्हणजे 31 मार्चपर्यंत आणखी 39 दिवसच इथे राहता येईल. डिसेंबरच्या सुट्टीचं तिकीट काढताना ते मोजा आणि पासपोर्टवरचे शिक्के जपा. अपवाद एक : भारतातलं उत्पन्न 15 लाखांहून जास्त असेल तर वेगळा नियम लागतो, सीएला विचारा. जाण्याआधी बचत खातं एनआरओ (अनिवासींचं, इथल्या उत्पन्नासाठीचं) करून घ्या, तिथला पगार पाठवायला एनआरई (परदेशी कमाईसाठीचं) खातं उघडा. एनआरईचं व्याज करमुक्त आहे. जुनं पीपीएफ खातं मुदतीपर्यंत चालू ठेवता येतं, पुढे वाढवता येत नाही.