चाक गरगरायच्या आधी लॉक

प्रश्न : आमचं शेत पाटणच्या डोंगरात आहे. पावसाळ्यात चिखलाच्या चढावर आमच्या गुरखा जीपचं एक चाक नुसतं फिरत राहतं. डिफरन्शियल लॉक (डाव्या-उजव्या चाकांना एकाच वेगाने फिरायला लावणारं) नेमकं कधी लावावं?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : चढाच्या अलीकडे, गाडी थांबवून आणि स्टिअरिंग सरळ ठेवून. चाक गरगरत असताना लॉक टाकलं तर लॉकच्या दातांना जोराचा झटका बसतो, अ‍ॅक्सल शाफ्टही तुटू शकतो. फोर-व्हील लो (चारही चाकांना कमी वेगात जास्त ताकद), पहिला गिअर, आधी फक्त मागचं लॉक. बहुतेक वेळा तेवढं पुरतं. पुढचं लॉक अगदीच अडल्यावर आणि सरळ वाटेवरच लावा, कारण त्यानंतर गाडी वळायला नकार देते.

खरा धोका आडव्या उतारावर. उघड्या, म्हणजे लॉक न लावलेल्या, डिफरन्शियलमध्ये एक चाक घसरलं तरी दुसरं गाडी धरून ठेवतं. लॉकमध्ये दोन्ही एकदम घसरतात आणि मागचा भाग दरीकडे सरकतो. तिथे लॉक नकोच.

डांबरी लागण्याआधी काढा. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापावं लागतं, लॉक ते होऊ देत नाही. टायर घासतात, शाफ्टवर ताण येतो. काढल्यावरही लॉकचा दिवा जळत राहिला तर स्टिअरिंग सरळ करून हातभर मागे-पुढे घ्या. लिव्हरवर जोर करू नका.