चार्पी टेस्टमध्ये दोन मिश्रधातूंचे आकडे इतके वेगळे का येतात? दणक्याला कोणता टिकेल?

तुम्ही म्हणता, दोन्ही स्टीलची ताण-चाचणीतली ताकद जवळपास सारखी, पण चार्पीत, म्हणजे खाच पाडलेला तुकडा एका दणक्यात तोडून त्याने किती ऊर्जा खाल्ली ते मोजायच्या टेस्टमध्ये, एकाला ९० ज्यूल आणि दुसऱ्याला १८. मी टेस्टिंग लॅबमध्ये हेच काम करतो. माझा पहिला प्रश्न असा: हे आकडे किती तापमानाला घेतले? रिपोर्टवर ते नसेल तर तुलनाच करू नका.

ताण-चाचणीत सॅम्पल सावकाश ओढलं जातं, त्यामुळे धातूला ताणून घ्यायला सवड मिळते. दणक्यात ती मिळत नाही, आणि खाच असेल तर सगळा ताण तिच्या तळाशी एकवटतो. चार्पीत मुद्दाम हीच वाईट परिस्थिती उभी करतात. १० मिमी चौरस, ५५ मिमी लांब तुकडा. मधोमध ४५ अंशांची व्ही खाच, २ मिमी खोल, तळाची गोलाई फक्त ०.२५ मिमी. तुकडा दोन आधारांवर आडवा, खाच हातोड्याच्या विरुद्ध बाजूला. लंबक सुटला की सेकंदाला सुमारे पाच मीटर वेगाने येतो, तुकडा तोडतो आणि पलीकडे वर चढतो. सुटतानाची उंची आणि पलीकडे गाठलेली उंची यांतल्या फरकावरून तुकड्याने किती ऊर्जा खाल्ली ते कळतं. आयझॉड या दुसऱ्या दणका-टेस्टमध्ये तुकडा उभा पकडतात आणि खाच हातोड्याकडे असते, म्हणून त्याचे आकडे चार्पीशी ताडून बघू नका.

आता तापमान. साधं कार्बन स्टील गरम असताना चिवट असतं, पण थंड करत गेलं की एका पट्ट्यात त्याची ऊर्जा धाडकन खाली येते. ॲल्युमिनियम किंवा ऑस्टेनिटिक प्रकारच्या स्टेनलेस स्टीलमध्ये अशी घसरण दिसत नाही. एस३५५ या बांधकामाच्या स्टीलच्या ‘जेआर’, ‘जे०’ आणि ‘जे२’ या तिन्ही प्रतींना किमान २७ ज्यूलच लागतात, फरक एवढाच की ते अनुक्रमे २०, ० आणि उणे २० अंशांना. १९४३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंडला ‘स्केनेक्टडी’ हे टँकर जहाज धक्क्याला उभं असताना, शांत पाण्यात, दुभंगलं. युद्धकाळातल्या अशा फुटक्या जहाजांचा अभ्यास करून केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की दोष नुसत्या वेल्डिंगचा नव्हता. थंडीत ते पोलादच ठिसूळ होत होतं.

आकड्याइतकंच मी तुटलेल्या तोंडाकडे बघतो. ठिसूळ तुटलेला भाग उजेडात फिरवला की दाणेदार चमकतो. चिवट भाग मळकट करडा, तंतूंसारखा दिसतो आणि कडा बाहेर फुगलेल्या असतात. तुमच्या १८ ज्यूलवाल्या तुकड्याचं तोंड जवळजवळ पूर्ण चमकत असेल, असा माझा अंदाज आहे. तुकडे टाकून दिले नसतील तर बघाच.

लॅबला दोन-तीन गोष्टी खडसावून विचारा. तुकडा ज्यात थंड करतात त्या द्रावातून काढल्यावर पाच सेकंदांत हातोडा बसला का? खाचेच्या तळाशी टूलचे ओरखडे नाहीत ना? तुकडे रोलिंगच्या, म्हणजे स्टील लाटल्याच्या, दिशेने कापले की आडवे? आडव्या तुकड्याचा आकडा बहुधा कमीच येतो, आणि तुमचा फरक काही अंशी तिथलाही असू शकतो.

हे ज्यूल डिझाइनच्या सूत्रात थेट घालता येत नाहीत; भेगेसकट किती भार चालेल हे काढायला फ्रॅक्चर टफनेसची वेगळी टेस्ट लागते. निवड करायला मात्र चार्पी पुरेशी आहे. दोन्ही स्टीलचे एकाच दिशेने कापलेले, प्रत्येक तापमानाला तीन-तीन तुकडे २०, ०, उणे २० आणि उणे ४० अंशांना तोडून घ्या आणि आलेख काढा. तुमचा भाग ज्या सर्वांत थंड जागी चालणार आहे, तिथे ज्याची रेषा अजून वर असेल तो घ्या.