सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत, पण आवड कळत नाही. इंजिनीअरिंग करू का?

तू लिहिलं आहेस की हडपसरला राहतेस, यंदा बारावी झाली, सीईटीला ८९ पर्सेंटाइल आहेत. घरचे म्हणतात कॉम्प्युटरच घे, मॅनेजमेंट कोट्यातून का होईना. आणि तुला स्वतःला काय आवडतं तेच समजत नाही.

आधी त्या शेवटच्या वाक्याबद्दल, कारण त्याचंच तुला जास्त वाईट वाटतंय असं दिसतं. सतराव्या-अठराव्या वर्षी आवड न कळणं हा तुझा दोष नाही. सीईटीत १५० प्रश्न १८० मिनिटांत सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला जेमतेम सव्वा मिनिट. दोन वर्षं तू त्याचीच तयारी केलीस. इंजिनीअरचं काम याच्या बरोबर उलटं असतं, तिथे एकाच प्रश्नापाशी दोन-दोन दिवस बसावं लागतं. ते तुला कुणी करूच दिलेलं नाही, मग आवडतं की नाही हे कळणार कसं?

मी गेली २१ वर्षं भोसरीत प्रेस टूलच्या कामात आहे. पत्र्याचे भाग कापायचे डाय आणि पंच आम्ही बनवतो. दरवर्षी नुकतेच पास झालेले दोन-चार जण आमच्याकडे ट्रेनी म्हणून येतात. काही वर्षांपूर्वी असंच एक टूल सारखी बर सोडायला लागलं. बर म्हणजे कापलेल्या कडेला राहणारी बारीक धारदार किनार. टूलची धार गेली की बर येते, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ. म्हणून मीच ते दोनदा ग्राइंडिंगला, म्हणजे धार लावायला पाठवलं. दोन्ही वेळा चार दिवसांत बर परत. त्या वर्षी आलेल्या एका मुलीने रिजेक्ट झालेले पाच-पन्नास भाग टेबलावर मांडले आणि विचारलं, ‘सर, बर सगळीकडे नाहीये, एकाच बाजूला आहे. धार गेली असती तर चारी बाजूंनी आली असती ना?’

पंच आणि डायमध्ये ठरावीक फट ठेवावी लागते. १ मिमी जाडीच्या साध्या पत्र्याला ती एका बाजूला ०.०५ मिमीच्या आसपास, केसाएवढीच म्हण. आमच्या टूलचा गाइड बुश, म्हणजे पंचाला सरळ रेषेत ठेवणारा भाग, झिजला होता, त्यामुळे पंच एका अंगाला सरकत होता. एका बाजूची फट कमी, दुसऱ्या बाजूची जास्त. जिथे जास्त, तिथे बर. बुश बदलला आणि काम मार्गी लागलं. त्या मुलीचं गुणपत्रक मला आता आठवत नाही. पण तो सारा दिवस तिने जेवणाची सुट्टीसुद्धा घेतली नव्हती, हे पक्कं आठवतं.

माझ्या मते इंजिनीअरिंग करावं की नाही याची खरी परीक्षा हीच. एखादी गोष्ट चालेनाशी झाली की तू तिच्यामागे लागतेस, की तुला कधी एकदा ती दुसऱ्याच्या हातात देते असं होतं? दोन्ही स्वभाव चांगलेच आहेत, पण पहिला नसेल तर चार वर्षं फार जड जातात. सबमिशन, ओरल, एम-थ्रीचा म्हणजे गणिताचा पेपर हे सगळं निभावता येतं. कामाचाच कंटाळा आला तर ते निभावत नाही. आणि हे फक्त मेकॅनिकलचं नाही. माझा धाकटा भाऊ हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवसा नीट चालणारा आणि रात्री मधूनच बंद पडणारा प्रोग्रॅम शोधत बसणं, हे त्याचं काम. साधा कोड आता यंत्रही लिहून देतं, पण तो का अडला हे हुडकणारं माणूस लागतंच.

घरच्यांशी भांडू नकोस. पुण्यातल्या कितीतरी घरांची परिस्थिती कॉम्प्युटरच्या नोकरीने बदलली, ते त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. पण मॅनेजमेंट कोट्याचा आग्रह मात्र मला अजिबात पटत नाही. पैशांचं गणित त्यांच्यासमोर मांड. घरचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि तू ईबीसी, ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या मागास), एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) किंवा ओबीसीत बसत असशील, तर कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून प्रवेश घेतल्यावर मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क २०२४-२५ पासून पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्यातून गेलीस की ही सवलत गेली. म्हणजे एकीकडे जवळजवळ फुकट मिळणारी चांगल्या कॉलेजातली मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल किंवा सिव्हिलची जागा, आणि दुसरीकडे कर्ज काढून घेतलेली, शिकवायला धड माणसं नसलेल्या कॉलेजातली कॉम्प्युटरची जागा. मी पहिली निवडेन. उत्पन्नाचा दाखला आणि लागत असेल तर जातीचा दाखला, नॉन-क्रीमीलेअर आत्ताच काढून ठेव. दरवर्षी मुलं त्यासाठी शेवटच्या दिवशी धावतात.

ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखांचा पसंतीक्रम भरताना मागच्या वर्षीचे कटऑफ बघ, ते सीईटी सेलच्या संकेतस्थळावर असतात. पण क्रम कटऑफने लावू नकोस, मनापासून जे हवं तेच वर लिही. पहिल्या फेरीत पहिला पर्याय लागला तर तो पक्का होतो, मागे फिरता येत नाही. म्हणून शेजारच्या काकूंनी सांगितलेलं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नकोस.

सिव्हिलला हल्ली कुणी विचारत नाही, म्हणून एक सांगतो. सीओईपी, म्हणजे पुण्याचं जुनं इंजिनीअरिंग कॉलेज, १८५४ साली सुरू झालं ते सार्वजनिक बांधकामासाठी माणसं तयार करायला. विश्वेश्वरय्या तिथूनच १८८३ साली पास झाले. पुढे खडकवासल्याला अडचण अशी होती की पाणी जास्त साठवायचं, पण धरणाची उंची न वाढवता. त्यांनी पाण्याची पातळी चढली की आपोआप उघडणारी दारं तयार केली, १९०३ मध्ये ती तिथे बसली. अडचण समोर ठेवून विचार करत बसण्याची सवय सव्वाशे वर्षांपूर्वीही तीच होती.

मुलींनी मेकॅनिकल घेऊ नये असंही तुला कुणीतरी म्हणेल. कारखान्यात शॉपवर सुरुवातीला लोक बघतात, हे खरं आहे. काही ठिकाणी स्वच्छतागृहाचीसुद्धा धड सोय नसते, आणि त्याची मला लाज वाटते. नोकरी घेताना हे बिनदिक्कत विचारायचं. पण काम यायला लागलं की ऑपरेटरच हाक मारून सांगतात, ‘मॅडम, हे जरा बघा.’

फॉर्म भरायला अजून वेळ आहे. पुण्यात बहुतेक प्रत्येक घरात कुणी मामा, काका, शेजारी भोसरी, चाकण नाहीतर रांजणगावला कामाला असतोच. त्याला एक दिवस बरोबर न्यायला सांग, आणि दुसरा दिवस सॉफ्टवेअरवाल्या कुणाशेजारी बस. दोन्हीकडे एकच विचार, ‘या आठवड्यात काय अडलं होतं?’ उत्तर ऐकताना तुला पुढचा प्रश्न सुचतो का, ते बघ. भोसरीत येणार असलीस तर गुरुवार सोडून ये, त्या दिवशी बहुतेक कारखाने बंद असतात. आणि पायात बूट घाल, खाली धातूच्या धारदार चिप पडलेल्या असतात.