पागोळ्या, गोधडी आणि ४८ किलोहर्ट्झ : वाचकांच्या ध्वनी-शंका

प्रश्न : मी शाळेत शिकवते आणि धड्यांचे व्हिडिओ घरीच करते. कॉलरला लावायचा माइक घेतला, भिंतीवर अंड्यांचे ट्रे चिकटवले, तरी आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. महागातला माइक घेऊ का?
– एक शिक्षिका, जि. सातारा

उत्तर : माइक आहे तोच राहू द्या, आधी ते ट्रे उतरवा. अंड्यांचा ट्रे म्हणजे पातळ पुठ्ठा. वरच्या पट्टीतला आवाज तो थोडाफार इकडेतिकडे फेकतो, पण माणसाच्या आवाजातला जो भारदस्त भाग खोलीत घुमतो तो त्याला अडवता येत नाही. शिवाय पुठ्ठा चटकन पेट घेतो. आवाज शोषायला जाड, आत हवा खेळेल असं काहीतरी लागतं, आणि ते घरात असतंच : गोधडी, रजई, कापसाची गादी. दोन-तीन गोधड्या दोरीवर टाकून पाठीमागे आणि दोन्ही बाजूंना टांगा. भिंतीला चिकटवू नका, वीतभर पुढे ठेवा, तेवढ्यानेही फरक पडतो. पायाखाली सतरंजी अंथरा. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडून त्याच्याजवळ बसलात तर आणखी बरं.

दुसरी गोष्ट अंतराची. तोंडापासून माइकचं अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, खोलीतला घुमारा मात्र जवळपास तेवढाच राहतो. तुमची ‘विहीर’ इथेच तयार होते. माइक हनुवटीखाली १५ ते २० सेंटिमीटरवर हवा, आणि पदर त्यावर घासणार नाही अशा बेताने लावा. माइक टेबलावरचा असेल तर तो तोंडासमोर न ठेवता थोडा तिरपा, बाजूला ठेवा. ‘फळ’, ‘भाकरी’, ‘पाणी’ म्हणताना निघणारा हवेचा फटका मग त्याच्यावर बसत नाही.

पंखा बंद करायचा, फ्रिजही. (फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली आत ठेवा. पुन्हा चालू करायचं विसरणार नाही.) लॅपटॉप चार्जरला लावल्यावर बारीक घूं ऐकू येत असेल तर रेकॉर्डिंगपुरता चार्जर काढा. ती घूं ५० हर्ट्झच्या विजेची आणि तिच्या १००, १५०च्या पटींची असते. बोलण्याची सर्वांत मोठी उसळी मीटरवर उणे १२ ते उणे १० डेसिबलच्या आसपास ठेवा. शून्याला टेकून फाटलेला आवाज नंतर नीट शिवता येत नाही.

बोलणं संपल्यावर ३० सेकंद गप्प बसून रिकाम्या खोलीचा आवाज घ्या. ऑडॅसिटी या आवाज-संपादनाच्या सॉफ्टवेअरमधल्या नॉइज रिडक्शनला (मागची खरखर कमी करण्याच्या सोयीला) नमुना म्हणून तोच द्यायचा आणि कपात ६ ते ९ डेसिबलवर थांबवायची. लोक २० च्या पुढे जातात, मग आवाज पाण्याखालून बोलल्यासारखा गुळगुळतो आणि दोष माइकला जातो. शेवटी ८० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने कापून टाका. बोलण्यातलं तिथे काही नसतं, फक्त रस्त्यावरच्या ट्रकची आणि टेबलाला लागलेल्या धक्क्यांची घरघर असते.

प्रश्न : मोबाइलवर चित्रीकरण आणि वेगळ्या रेकॉर्डरवर आवाज, असं करतो. सुरुवातीला ओठ जुळतात, दहाव्या मिनिटाला आवाज कुठच्या कुठे जातो.
– एक वाचक, नांदेड

उत्तर : आधी पाहा, आवाजाची पट्टी बदलली आहे का? बोलणारा जरा चिरका आणि घाईत वाटत असेल, आणि १० मिनिटांचा आवाज ९ मिनिटं ११ सेकंदांतच संपत असेल, तर ४४.१ किलोहर्ट्झची (सेकंदाला आवाजाचे ४४,१०० नमुने घेतलेली) फाइल ४८ समजून वाजवली जाते आहे. उलट झालं तर आवाज जडावतो आणि १० मिनिटांची १० मिनिटं ५३ सेकंद होतात. ४४.१ हा आकडा सीडीचा, व्हिडिओचा ४८. रेकॉर्डर आणि एडिटिंगचा प्रोजेक्ट दोन्हीकडे ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा.

पट्टी ठीक असूनही आवाज हळूहळू सरकत असेल तर संशय मोबाइलवर घ्या. बरेच फोन दर सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत, उजेडाप्रमाणे आकडा कमीजास्त होतो. चित्रीकरण एडिटिंगला घेण्याआधी हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून बदलून घ्या. आणि प्रत्येक टेकच्या सुरुवातीला एक व शेवटी एक, अशा दोन टाळ्या कॅमेऱ्यासमोर वाजवा. पहिली जुळवल्यावर दुसरी किती फ्रेम सरकली ते दिसतं, आणि तेवढाच आवाज ताणता किंवा आक्रसता येतो.

प्रश्न : तीन मिनिटांचा अ‍ॅनिमेशनपट करते आहे. कोकणातलं कौलारू घर, मुसळधार पाऊस, आजी अनवाणी अंगण ओलांडून ओटीवर येते. नेटवरून पावसाचा आवाज घेतला, तर कोणी भजी तळतंय असं वाटतं.
– अ‍ॅनिमेशनची विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : तळणीचा भास होणारच. पडणाऱ्या थेंबाला स्वतःचा असा आवाज जवळपास नसतो. ऐकू येतं ते तो ज्यावर पडतो त्याचं. कौल, माडाची झावळी, अळूचं पान, पत्रा, डबकं, हे सगळं पुसून एकच सपाट सळसळ लावली की पाऊस कढईत जातो. त्यातून ती फाइल कमी बिटरेटची एमपी३ असेल तर आणखी वाईट, कारण पावसासारखा दाट, विस्कळीत आवाज दाबताना ते तंत्र हमखास चुकतं. न दाबलेली वेव्ह (WAV) फाइलच घ्या.

पाऊस तीन थरांत बांधा. मागे दूरचा सरसरता पाऊस, अगदी हळू, २ ते ४ किलोहर्ट्झचा पट्टा ३-४ डेसिबलने खाली, म्हणजे संवादाला जागा राहील. मधे कौलांचा आणि पानांचा. पुढे पागोळ्या. घर कोकणातलं आहे हे पागोळ्याच सांगतील, म्हणून हा थर विकतचा नको, स्वतः करा. प्लास्टिकच्या पिशवीत पाणी भरून टाचणीने पाच-सहा भोकं पाडा, ती दीडेक मीटर उंच टांगा, खाली परातीत दोन-तीन सेंटिमीटर पाणी. नुसती परात टणटण वाजेल, म्हणून तिच्याखाली ओलं पोतं घाला. माइक बाजूने, ३० सेंटिमीटरवर, शिंतोडे उडणार नाहीत असा. एकदा परातीत, एकदा तिरप्या ठेवलेल्या कौलावर, एकदा ओल्या मातीवर, प्रत्येकी दोन मिनिटं रेकॉर्ड करा. दोन मिनिटं अशासाठी, की दहा सेकंदांचा तुकडा पुन्हापुन्हा वाजवला तर त्यातला एखादा ठसठशीत थेंब ताल धरतो आणि कान तोच मोजत बसतो.

आजीची पावलं : घमेल्यात लाल माती, अंगठा निम्मा रुतेल इतकंच पाणी. जास्त झालं तर चपक-चपक विनोदी होते. वर जुन्या साडीचा ओला तुकडा. चित्र समोर चालू ठेवून आधी टाच, मग चवडा, असं उघड्या पायाने चाला. म्हातारं माणूस पाऊल उचलताना थोडं ओढतं, ती ओढ द्या. वजन त्या ओढीतून कळतं. पाच-सहा टेक घ्या आणि कुठलंही पाऊल लागोपाठ दोनदा वापरू नका. नऊवारीची सळसळ आणि बांगड्या वेगळ्या ट्रॅकवर, जेमतेम जाणवतील इतक्याच. याच कामाला फोली म्हणतात, हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोलीच्या नावावरून.

जुळवताना एक लक्षात ठेवा. सेकंदाला २५ फ्रेम म्हणजे एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. पावलाचा आवाज दोन फ्रेम आधी आला तर खटकतो, तेवढाच मागे राहिला तर बहुधा खपून जातो. दूरचा आवाज उशिरा पोचतो ही कानाची जन्मभराची सवय आहे. ३४ मीटरवरून येणाऱ्या आवाजाला साधारण १०० मिलिसेकंद लागतात.

ढग गडगडवणार असाल तर नुसता खर्ज देऊ नका. फोनच्या स्पीकरला १५० हर्ट्झच्या खालचं फारसं वाजवता येत नाही, तिथे तुमचा गडगडाट गायब होईल. वर १ ते ३ किलोहर्ट्झमधली एक तडतड जोडा.

प्रश्न : आवाज शून्य डेसिबलपर्यंत चढवला, तरी यूट्यूबवर माझा व्हिडिओ इतरांपेक्षा दबका का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : शून्याला पोचलेली असते ती उसळी. कानाला सरासरी जाणवते आणि ती एलयूएफएस (LUFS) या एककात मोजतात. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसपेक्षा मोठा आवाज खाली ओढतं. लहान आवाज मात्र वर उचलत नाही. बोलण्याला कंप्रेसर (मोठा आवाज दाबून लहान-मोठ्यातलं अंतर कमी करणारं साधन) लावा : गुणोत्तर ३:१, सुई ३ ते ६ डेसिबल दबेल असा थ्रेशोल्ड (जिथून दाबणं सुरू होतं ती पातळी), अटॅक (दाबायला लागणारा वेळ) १० आणि रिलीज (सोडायला लागणारा) १०० मिलिसेकंद. त्यानंतर लिमिटर, म्हणजे ठरवलेल्या छताच्या वर आवाज जाऊ न देणारं साधन, छत उणे १ डेसिबल ट्रू पीक (खरी उसळी). यूलीनचा लाउडनेस मीटर फुकट मिळतो, त्यावर पूर्ण व्हिडिओ एकदा मोजा. उणे १६ ते उणे १४ च्या दरम्यान आला की थांबा. बोलण्याखालचं संगीत १५ ते २० डेसिबल खाली हवं. ते स्वतःला फार मोठं वाटत नाही, कारण शब्द आपल्याला आधीच पाठ असतात. संहिता न ऐकलेल्या माणसाला ऐकवून ठरवा.

प्रश्न : हे शिकायला कुठे जाऊ? – एक वाचक, पणजी

उत्तर : रीतसर शिकायचं तर पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटमध्ये ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचनेचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे, कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही. प्रवेशापर्यंत थांबू नका. दा विंची रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरच्या फुकट आवृत्तीत फेअरलाइट नावाचा पूर्ण ध्वनिकक्ष येतो. एका मिनिटाचा कुठलाही तुकडा घ्या, त्याचा आवाज पुसा आणि पहिल्या पावलापासून स्वतः भरा. मिक्स आधी हेडफोनवर, मग फोनवर एकाच स्पीकरने ऐका. फोनवर काही नाहीसं झालं तर डाव्या-उजव्या ट्रॅकमधली एक लाट उलटी बसली असण्याची शक्यता मोठी.

प्रश्न : गेमसाठी केलेलं पार्श्वसंगीत प्रत्येक फेरीला किंचित अडखळतं. – एक वाचक, ठाणे

उत्तर : फाइल एमपी३ असणार. एमपी३ होताना सुरुवातीला आणि शेवटी थोडी शांतता चिकटते. ऑग (OGG) किंवा वेव्ह फाइल वापरा, आणि तुकडा दोन्ही टोकांना लाट शून्यरेषा ओलांडते तिथेच कापा, नाहीतर अडखळण्याऐवजी ‘टक्’ ऐकू येईल.