मुलं सहा आणि तीन वर्षांची आहेत. कोल्हापुरातून एका दिवसात दाजीपूरच्या अभयारण्यात न्यावं का, की गवा दिसत नाही आणि पैसे फुकट जातात?

'पैसे फुकट जातात' वाचलं आणि आमचे साडूच इथे नाव बदलून बसलेत की काय, असं वाटलं.

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं, मेहुणी, साडू आणि त्यांचा सात वर्षांचा पोरगा असे दाजीपूरला गेलो. साडू पुण्याचे. आदल्या रात्री तांबडा-पांढरा ओरपताना त्यांचं एकच पालुपद, "पोरांना जंगलातलं काय कळतंय? त्यांना अ‍ॅक्टिव्हिटी लागते. रंकाळ्यावर नेऊ, घोड्यावर बसवू, भेळ चारू, विषय संपला." मी हट्टाला पेटलो.

राधानगरी सोडली की धरणाच्या पाण्याकडेने नुसती वळणं. आमची धाकटी दोनदा ओकली, त्यातलं दुसऱ्यांदाचं साडूंच्या नव्या बुटांवर. फाटकाशी पोचायला दहा वाजले. गवा उघड्यावर चरायला येतो ते सकाळी लवकर आणि उन्हं उतरल्यावर, एरवी झाडीत रवंथ करत बसतो. आमच्यासाठी तो कशाला ताटकळेल? एक शेकरू तेवढं दिसलं. सगळे एकदम ओरडलो, ते गेलं.

सावराई सड्यावर, म्हणजे जंगलातल्या उघड्या माळावर, जीप थांबली. गवे नाहीत, त्यांचं शेण मात्र ताजं. साडू म्हणाले, "मालक बाहेर गेलेत, पावती ठेवलीय." त्या पावतीपाशीच शेणकिडा होता. बोराएवढी गोळी, पुढचे पाय जमिनीला, डोकं खाली, मागच्या पायांनी ढकलत उलटा चाललेला. वाटेत बैलाच्या खुराएवढा खळगा. गोळी काठापर्यंत चढायची आणि किड्याला घेऊन गडगडत खाली. परत तेच. माझा थोरला आणि साडूंचा पोरगा उकिडवे बसले ते उठेचनात. मोबाईल समोर नसेल तर घास न गिळणारं ते पोर मला दबक्या आवाजात विचारतंय, "काका, काडीनं जरा मदत करू?" नको म्हटलं. पाऊण तास गेला. गोळी काठापलीकडे गेली तेव्हा दोघांनी टाळ्या पिटल्या.

परतताना साडूंनी गाडीतच हिशेब मांडला. डिझेल, जीप, प्रवेश फी, बूट, गवे शून्य.

तर तुमचं. जा. पण पहाटे पाचला घर सोडा, अंतर 80 किलोमीटरच्या आसपास आहे आणि वळणांवर वेळ मोडतो. पावसाळ्यात आत सोडत नाहीत. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भडंग, पाणी घरूनच घ्या. आणि मुलांना 'गवा दाखवतो' असं कबूलच करू नका. 351 चौरस किलोमीटरचं रान आहे, पिंजरा नव्हे. ज्याला तिकिटाच्या बदल्यात जनावर मोजून पाहिजे, त्याने पोरांच्या नावावर खपवू नये. कंटाळा मोठ्यांना येतो. नशिबाने दिसलाच, गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखा, तर जीपमधून उतरू नका, हाका मारू नका.

हां, धाकट्याचं राहिलं. आमची तेव्हा साडेतीनची होती, जीपच्या हादऱ्यांनी अर्धा वेळ रडली आणि उरलेला वेळ बायकोच्या मांडीवर झोपली. त्यामुळे यंदा पन्हाळ्याचं तबक उद्यान करा, 20 किलोमीटरवर आहे, आणि दाजीपूर पुढच्या वर्षी. हे साडूंना कळू देऊ नका.

त्यांच्या पोराने गेल्या दिवाळीत सोसायटीत किल्ला केला. साडूंनी फोटो पाठवला. बुरुजावर मावळे, खाली महादरवाजा, आणि दरवाजाच्या तोंडाशी मातीची ही एवढी गोळी, तिला चिकटून काळं काहीतरी, डोकं खाली. फोटोखाली साडूंनी विचारलं होतं, "हा कोण?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.