कारवी ‘बोलते’ तेव्हा अलंकार कोणता?

ठाण्यातल्या एका सोसायटीच्या मराठी भाषा दिनाच्या हस्तलिखितात कारवीवर, म्हणजे डोंगरउतारावरच्या निळ्या फुलांच्या झुडपावर, आलेल्या या चार ओळींवरून वाद झाला आहे:

सात पावसाळे गप्प राहिली,
आठव्यात कारवी बोलू लागली;
निळे शब्द उतारभर सांडले,
बोलून झाले, आणि वाळून गेली.

एक जण म्हणतो रूपक, दुसरी म्हणते चेतनगुणोक्ती (निर्जीव वस्तू माणसासारखी वागते असं दाखवणारा अलंकार). शिवाय मध्यवर्ती कल्पना ‘कारवीचे सौंदर्य’ अशी लिहावी का, असंही विचारलंय.

पहिल्या दोन ओळींत चेतनगुणोक्तीच. ‘कारवी तर सजीवच, मग कसली चेतनगुणोक्ती?’ हा आक्षेप शाळेत कुणी ना कुणी घेतोच. पण इथे मुद्दा जीव असण्याचा नाही, माणसासारखं वागण्याचा आहे. गप्प राहणं, बोलणं ही माणसाची कामं.

खरी मजा तिसऱ्या ओळीत. ‘फुले जणू निळे शब्दच’ असतं तर उत्प्रेक्षा. ‘फुले नव्हेत, हे शब्दच’ असतं तर अपन्हुती. ‘फुलांचे शब्द सांडले’ असतं तर रूपक, कारण फूल आणि शब्द दोन्ही समोर आहेत आणि एकच मानलेत. इथे मात्र ‘फूल’ हा शब्दच नाही. उपमानाने (ज्याची उपमा दिली ते, इथे शब्द) उपमेय (ज्याला दिली ते, इथे फूल) गिळून टाकलंय. जुने आलंकारिक याला अतिशयोक्तीत घालतात, रूपकातिशयोक्ती म्हणून. शालेय पुस्तकं एवढ्या खोलात जात नाहीत, म्हणून रूपक म्हणणाऱ्याला मी अर्धे गुण देईन.

मध्यवर्ती कल्पना ‘कारवीचे सौंदर्य’ नक्कीच नाही. ‘सुंदर’ म्हणावं असं चार ओळींत काय आहे? एक ‘निळे’, बस्स. कवितेचा सगळा भार चौथ्या ओळीवर आहे, आणि तो पेलायला कारवी ठाऊक हवी. ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात ती २०१६ साली फुलली, मग थेट २०२४ साली. आठ वर्षांतून एकदाच फुलते, बी धरते आणि ते झाड मरतं. (वाळलेल्या काठ्यांचे कूड विणून आदिवासी घरांच्या भिंती उभ्या राहतात, पण ते कवितेत नाही, उत्तरात घुसडू नका.) म्हणजे फुलणं हाच तिचा शेवट. ‘आयुष्यभर साठवलेलं एकदाच बोलून टाकणं आणि त्यातच संपणं’ असं काहीसं लिहा.

फुलाच्या कवितेत फूल कुठे थांबतं आणि दुसरं काही कुठे सुरू होतं, ती जागा शोधायची. ज्ञानेश्वरांच्या ‘मोगरा फुलला’मध्ये ती ‘मनाचिये गुंती गुंफियेला शेला’ इथे उघड होते. तोवर मोगरा दारातलाच वाटू शकतो. इथे ‘वाळून गेली’पाशी.

आणि हो, यमक. राहिली, लागली, गेली यांत नुसती क्रियापदांची शेपटं जुळलीत. त्याला यमक म्हणायला माझी जीभ रेटत नाही.